मुराळ्याची गाडी

माणसानं आपल्या जुन्या गाडीला कधी किल्लीनं टोकरून बघू नये. बघायचंच असेल, तर लेकीला न्यायला जायचं ठरल्यावर तरी बघू नये. हे मी अनुभवानं सांगतो. कुणी लेखी मागितलं तर सहीनिशी द्यायला तयार आहे, कारण अव्वल कारकून म्हणून सगळी नोकरी काढल्यावर ही एवढी एकच गोष्ट मला खात्रीनं कळलेली आहे.

झालं असं, की क्रांतीचा फोन आला. क्रांती म्हणजे माझी मुलगी. आम्ही कवठे महांकाळचे, तिला जत तालुक्यात दिली आहे. तिकडंच एका उपकेंद्रावर ती आरोग्यसेविका आहे. तिचं आणि माझं फोनवरचं बोलणं ठरलेलं असतं. "आण्णा, जेवलासा का?" "जेवलो. तू?" "जेवले." मग जरा वेळ दोघंही नुसते फोन धरून बसतो, आणि मी म्हणतो, "थांब, आईकडं देतो." हे वाक्य मी एवढ्या घाईनं का म्हणतो, देव जाणे. फोन एकदा बनुबाईच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीच्या, हातात गेला की दोघींचं जे सुरू होतं ते कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी थांबत नाही. मी शेजारी पेपर उघडून बसतो आणि बनुबाईच्या "व्हय का?" आणि "आगं बाई!" वरून पलीकडचं काय असेल ते जुळवत राहतो.

त्या दिवशी मात्र मी "थांब" म्हणायच्या आत ती म्हणाली, "आण्णा, आईकडं देऊ नका. तुमच्याकडंच काम हाय. यंदा नागपंचमीला ह्यांना सुट्टी न्हाई, पवनचक्कीवर ड्यूटी लागलीया. तुमीच या न्यायला." आणि जरा थांबून म्हणाली, "गाडी घेऊन या."

आता सणाला सासरी जाऊन लेकीला माहेरी घेऊन यायचं, हा मुराळ्याचा मान. पण तिचं लग्न झाल्यापासून आमच्या घरात हे पद रिक्तच होतं. जावई रविराजराव तिला स्वतःच्या थंड हवेच्या गाडीतून आणून सोडतात, चहा घेतात, पाया पडतात आणि सण झाला की त्याच थंड हवेतून परत घेऊन जातात. माणूस फार सज्जन आहे, नाव ठेवायला जागा नाही. मी पुष्कळ शोधली. पण ती घरात असते तेव्हा स्वयंपाकघरात आईपाशी असते आणि मी पुढच्या सोप्यात असतो, आणि मध्ये एक दार असतं.

घरात क्रांती माझ्याशी कधी फारसं बोललीच नाही. ती माझ्याशी बोलायची ती गाडीत. ही पिकअप मी मळ्यातल्या शेवग्यासाठी घेतली होती, तेव्हाही ती जुनीच होती. क्रांती मिरजेला नर्सिंगला होती तेव्हा दर रविवारी संध्याकाळी तिला होस्टेलवर सोडायला मी जायचो. मागं हौद्यात शेवग्याच्या पेंढ्या, पुढं आम्ही दोघं. शिरढोण येईपर्यंत ती गप्प. शिरढोण मागं पडलं, की चपला काढायची, पाय सीटवर घ्यायची आणि सुरू व्हायची. पहिलं बाळंतपण बघून चक्कर आली ते, मेसमधल्या आमटीचं, मेट्रन रागावल्या त्याचं, एक मुलगा आवडला होता आणि मग नाही आवडला, त्याचं सुद्धा. असलं कोण बापाला सांगतं? पण समोर रस्ता असला की बापाला लेकीकडं बघावं लागत नाही आणि लेकीला बापाकडं. मी नुसतं "हं" म्हणायचो आणि गिअर बदलायचो. त्या "हं" ची मला किती आठवण येते, हे मी बनुबाईलासुद्धा सांगितलेलं नाही.

तर "गाडी घेऊन या" म्हटल्यावर मी फोन ठेवला आणि तसाच उठून गाडी धुवायला घेतली. धुता धुता डाव्या दाराखाली रंगाला एक फुगवटा दिसला, लिमलेटच्या गोळीएवढा. खिशातली किल्ली काढून जरा टोकरलं. आत तांबडा भुगा. भुगा पाडला, तर आत आणखी भुगा. किल्ली पुढं पुढं जात राहिली, शेवटी हातातून सुटली आणि खाली फरशीवर खणकन वाजली. मी दार उघडून आतलं पायपुसणं उचललं. जिथं क्रांती पाय ठेवायची तिथं भाकरीएवढं भोक होतं, आणि इतके दिवस केवळ पायपुसण्याच्या पुण्याईनं तिथं तळ असल्यासारखं वाटत होतं. भोकातून मला आमची कोंबडी दिसली. तिनं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं आणि निघून गेली.

गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाल्यानं खाली वाकून बघितलं, बॅटरी मारून बघितलं, आणि उभा राहून हात पुसत म्हणाला, "भाऊसाहेब, ह्या गाडीला गंज लागल्याला न्हाई. गंजालाच कुठं कुठं गाडी लागलीया. भंगारात घाला."

तिथं चहा प्यायला बसलेली माणसं हसली. मला ते लागलं. ज्या माणसानं उभ्या हयातीत एकही फाईल भंगारात जाऊ दिली नाही, त्याला हे सांगावं? मी तिथल्या तिथं ठरवलं की हे काम घरी, आपल्या अंगणात, आपल्या हातानं करायचं. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात एक गोरा मनुष्य शिट्टी वाजवत असलाच गंज काढत होता आणि त्याच्या हातात दर मिनिटाला नवीन यंत्र येत होतं. माझ्या हातात बनुबाईची भांड्याची तारेची घासणी आली, आणि ती तिनं लगेच परत नेली.

"एस्टीनं जावा की," ती म्हणाली. "मुराळ्याला काय गाडीच लागती?"

"ती गाडी घेऊन या म्हणाली आहे."

"गाडी घेऊन या म्हणली. नवी करून आणा म्हणली का?"

ह्यावर मी जाऊन बॉनेट उघडलं. बायकोच्या काही प्रश्नांना उत्तर न देणं हेच शहाणपणाचं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

आमच्या गल्लीत माणूस घरात मरून पडला तर दोन दिवस कळणार नाही, पण गाडीचं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत गर्दी. पहिले आले जैनुद्दीनभाई. त्यांचं स्टोव्ह-मिक्सर दुरुस्तीचं दुकान, आणि कुणाचा पलंग, कुणाचं गेट जोडायला घरी एक वेल्डिंगचं यंत्र. मागोमाग आले सुभेदार नाथाजी, फौजेतून निवृत्त. त्यांना दुरुस्तीतलं काही कळत नाही, पण शिस्तीतलं सगळं कळतं.

"आधी निरीक्षण करा," सुभेदार म्हणाले. "मग नियोजन. मग कारवाई."

तोवर जैनुद्दीनभाईंनी स्क्रू-ड्रायव्हरनं निरीक्षण करून आणखी तीन भोकं पाडली होती. "कच्चा पत्रा हाय तेवढा काढायचा, भाऊसाहेब. पक्का हाय तो ऱ्हायला पायजे." प्रश्न एवढाच होता, की जसजसं कच्चं काढत गेलो तसतसं पक्कं काही लागेना.

"पत्रा म्हंजे पत्रा," जैनुद्दीनभाईंनी निर्णय दिला. "घरात गोडेतेलाचा डबा असंल तर आणा."

डबा आणला. कापून सपाट केला. त्यावर शेंगांचं छान रंगीत चित्र होतं. ते वरच्या बाजूला घ्यावं, म्हणजे क्रांतीला बघायला बरं वाटेल, असं मी सुचवलं. वेल्डिंगची पहिली ठिणगी पडली तशी शेंगा पेटल्या. पातळ पत्रा, तो कुठला टिकतोय. डबा वितळला, आणि जाताना आपल्याबरोबर गाडीचा जुना काठही घेऊन गेला. भाकरीएवढ्या भोकाचं परातीएवढं झालं.

"हे बरं झालं," जैनुद्दीनभाई चष्मा वर करत म्हणाले. "आता काय ते नीट दिसायला लागलं."

दुसऱ्या दिवशी सुभेदार आले ते काखेत एक काळं झाकण घेऊन. त्यांच्या फौजी पेटीचं. चांगला जाड पत्रा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव आणि हुद्दा. मला भरून आलं. माणूस आपल्या पेटीचं झाकण देतो म्हणजे काय, ते फौजीलाच ठाऊक. आम्ही माप घेतलं, खडूनं रेघ मारली, आणि जैनुद्दीनभाईंनी विचारू नये ते विचारलं. "सुभेदार, नाव वर घिऊ का खाली?"

"खाली?" सुभेदार ताठ झाले. "नाव खाली म्हंजे रस्त्याचा चिखल नावावर. फौजेच्या हुद्द्यावर चिखल?"

"मग वर घेतो."

"वर घेतल्यावर पोरगी त्यावर पाय ठेवणार!"

"आवं, मी तिला पाया पडायला लावते तुमच्या," बनुबाई दारातून म्हणाली.

"भाभी, हा तत्त्वाचा प्रश्न हाय," सुभेदार म्हणाले.

"मग नावच घासून टाकू या की," मी बोलून गेलो. सुभेदारांनी झाकण उचललं, काखेत मारलं आणि पाऊल न चुकवता घरी गेले. नंतर ते काही दिवस आमच्या दारावरून जाताना मान उजवीकडं वळवायचे. आमचं घर डावीकडं आहे.

त्या संध्याकाळी क्रांतीचा फोन. "आण्णा, माझी रजा मंजूर झाली. पंचमीच्या आदल्या दिवशीच्या आधी या, म्हंजे भावाच्या उपासाला मी तिथं आसन. येताय नव्हं?"

"येतो. गाडीचं जरा काम काढलंय."

"काय झालंय?"

"काही नाही. किरकोळ." मी परातीकडं, म्हणजे भोकाकडं, बघत म्हणालो. आणि मग सवयीनं, "थांब, आईकडं देतो."

ती काहीतरी बोलणार होती, असं मला फोन दिल्यावर वाटलं.

जैनुद्दीनभाईंनी मग कुठल्याशा जुन्या कूलरचा पत्रा शोधायला घेतला. तो मिळेपर्यंत मी रिकामा कशाला बसू म्हणून बाहेरचा गंज घासून जिथं जिथं उघडं पडेल तिथं रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाआधीचं तांबडं अस्तर, लावायला बसलो. लावता लावता माझ्या लक्षात आलं, की उघडं न पडलेलं असं फार थोडं आहे. संध्याकाळी गाडी तांबडी दिसत होती आणि तिच्यावर पांढरे डाग होते. सुभेदारांना राहवलं नाही. ते रस्त्यावरूनच, तोंड दुसरीकडं ठेवून, मोठ्यानं म्हणाले, "कागदावर पांढरी आन् रस्त्यावर तांबडी! नाक्यावर धरतील!"

ह्या एका वाक्यानं माझी झोप उडवली. मी साधा माणूस असतो तर गाडी तशीच दामटली असती. पण मी कारकून. कागद आणि वस्तू जुळत नाही म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा येतो. दुसऱ्या दिवशी गाव सोडून लांब, जिथं आरटीओचा पासिंगचा कॅम्प भरला होता तिथं गेलो. खिडकीत एक तरुण बसला होता.

"रंग बदललाय का?" त्यानं विचारलं.

"नाही. बदलायचा नाही. पांढराच राहणार आहे."

"मग आत्ता कोणता आहे?"

"आत्ता तसा रंग नाहीच. रंगाच्या आधीचं आहे."

"रंग नाही असं लिहिता येत नाही, काका. गाडी दाखवायला आणा."

"गाडीला तळ नाही."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. मग म्हणाला, "साहेब बाहेर गेलेत. लेखी द्या. नाहीतर आधी रंग पूर्ववत करा आणि मग रस्त्यावर आणा." ही सगळी वाक्यं मी सगळी नोकरी लोकांना म्हणत आलो होतो, आणि सांगायला हरकत नाही, की "साहेब बाहेर गेलेत" मी ह्यापेक्षा पुष्कळ चांगलं म्हणायचो. त्यात एक हळहळ असायची.

मग पांढरा रंग आला. श्रावणाची हवा, रंग काही केल्या वाळेना. मी पेपरानं वारा घालत बसलो. दुपारी जरा डोळा लागला तेवढ्यात कोंबडी बॉनेटवरून इकडून तिकडं चालत गेली, आणि तिचं तिला समाधान झालं नाही म्हणून परत आली. पुन्हा घासलं, पुन्हा लावला. क्रांतीला ज्या दिवशी आणायचं होतं तो दिवस असा पेपरानं वारा घालण्यात गेला. तिला फोन केला, "उद्या येतो." ती "बरं" म्हणाली.

उद्या म्हणजे पंचमीचा आदला दिवस. कूलरचा पत्रा आला. चांगला होता, खणखणीत. जैनुद्दीनभाईंनी माप घेतलं, ग्राइंडर लावला, तो किर्रर्र झाला आणि थांबला. मागं बघतो तर बनुबाई हातात प्लग घेऊन उभी. तिचा त्या दिवशी भावाचा उपास, पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी धरतात तो.

"आज आन् उद्या चिरायचं न्हाई," ती म्हणाली.

"भाजी चिरायची नाही," मी म्हणालो. "हा पत्रा आहे."

"चिरायचं न्हाई म्हंजे न्हाई. त्यात पत्रा आला, भाजी आली, सगळं आलं. नागोबाला काय कळतंय तुमचं काय हाय ते?"

आता आमच्याकडं पंचमीला चिरत नाहीत, कापत नाहीत, उकरत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत. म्हणून तर पुरणाची दिंडं उकडतात. पण ग्राइंडरबद्दल काय करायचं, हे कुठल्या पूर्वजानं सांगून ठेवलंय? गल्ली गोळा झाली. मी अर्ज मांडावा तसा मुद्दा मांडला, की वेल्डिंग म्हणजे चिरणं नव्हे, ते जोडणं आहे, आणि जोडायला पंचमीची काही आडकाठी नाही. ह्यावर गल्लीतल्या बायकांनी विचार केला, आणि निघालं असं, की जोडायला हरकत नाही, पण लोखंड तापवून जोडायचं म्हणजे तवा ठेवल्यासारखंच झालं. सुभेदारांनी रस्त्यावरून हुकूम दिला, "हातानं वाकवून बसवा!" कूलरचा पत्रा हातानं वाकवणारा माणूस कवठे महांकाळात जन्मायचा आहे.

"भाभी, आमच्यात असलं काय न्हाई," जैनुद्दीनभाई म्हणाले. "मी माझ्या घरी न्हिऊन कापून आणतो. तुमच्यावर दोष न्हाई."

"भाईजान, कुणी का कापंना, लेक आमची बसायची त्यावर."

जैनुद्दीनभाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बनुबाईकडं. मग ग्राइंडरची वायर गुंडाळून ठेवली. "भाभी म्हणतात तर न्हाई," ते म्हणाले. "परवा सकाळी पयलं काम हे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

"आता तरी एस्टी धरा," बनुबाई म्हणाली. "पोरगी वाट बघती. संध्याकाळपतूर घिऊन याल."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि मी गेलो नाही. का गेलो नाही, ते स्पष्टच सांगतो. मला नुसती क्रांती घरी यायला नको होती. घरी आली, की ती स्वयंपाकघरात आणि मी सोप्यात. मला ती त्या सीटवर पाहिजे होती, पाय वर घेऊन, समोर रस्त्याकडं बघत. एस्टीत बापलेक शेजारी बसतात आणि सुट्टे पैसे मोजतात, बोलत नाहीत. एवढ्यासाठी मी मुलीची पंचमी घालवली, असं कुणी म्हटलं तर मला खाली बघावं लागेल.

पंचमीला गल्लीत झोका बांधला. तिच्या बरोबरीच्या पोरी माहेराला आल्या होत्या. एक-दोघींनी दारात येऊन विचारलं, "क्रांती न्हाई आली व्हय, आण्णा?" बनुबाईनं दिंडं उकडली, त्यातली निम्मी डब्यात भरली आणि डबा माझ्या पुढ्यात जरा आपटूनच ठेवला. मी जाऊन गाडीत बसलो. रंग सुकला होता. शेजारच्या सीटखालून अंगणातली फरशी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी जैनुद्दीनभाई उजाडताच हजर. पत्रा कापला, बसवला, टाके मारले, चौफेर वेल्डिंग केलं, वर ऑक्साइडचा हात. मी वर उभा राहून दोन उड्या मारल्या. तळ हलला नाही. सुभेदार रस्त्यावरून आत आले, त्यांनीही एक उडी मारली आणि "ठीक" म्हणाले. आमच्यातला तत्त्वाचा प्रश्न तिथं मिटला. मी डबा घेतला, टोपी घातली, मुराळ्याला शोभेल असं सीट पुसलं आणि निघालो. नागज मागं पडलं, शेगाव मागं पडलं, आणि मी गाडीत एकटाच मोठ्यानं "हं" म्हणून बघितलं.

पोचलो तेव्हा दारात तिची बॅग दिसली. भरलेली, चेन लावलेली. विहीणबाई भामाबाई सोप्यात बसल्या होत्या. माहेर त्यांचं सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं. "बर्री, कुंदरी," त्या म्हणाल्या, म्हणजे या, बसा. पण पुढचं मराठीत म्हणाल्या. "पोरगी बॅग भरून दारात बसलीया. आमी म्हणलो, रविराजला सांगू, कुणाची तर गाडी बघू. तर न्हाई म्हणली, आमचे आण्णा येणार हायत. आता तिची रजा सरली न्हवं, पावणं."

क्रांती पाण्याचा तांब्या घेऊन आली. "उद्या लसीकरण हाय, आण्णा," ती म्हणाली. "मला यायला न्हाई जमायचं."

माणसाला काही सुचत नाही तेव्हा तो केलेलं काम दाखवतो. मी तिला बाहेर नेलं, दार उघडलं, पायपुसणं उचललं, आणि कूलरचा पत्रा, चौफेर वेल्डिंग, ऑक्साइड, सगळं सविस्तर सांगितलं. इथं भोक होतं, परातीएवढं, म्हणालो. तुझे पाय कुठं ठेवायचे, म्हणालो. तिनं चप्पल काढून पायानं तळ दाबून बघितला.

"भोक असतं तरी चाललं असतं की, आण्णा," ती म्हणाली. "मी पाय वरच घेती."

खरंच की. ती पाय वरच घेते. हे त्या सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण मला ठाऊक होतं.

रात्री त्यांच्याकडंच राहिलो. सकाळी ती उपकेंद्राला निघाली तेव्हा मी म्हणालो, "मी सोडतो." लसींचा डबा तिनं मांडीवर घेतला आणि ती सीटवर बसली. न्यायला आलेला मुराळी लेकीला ड्यूटीवर सोडून मोकळ्या सीटनं परत जाणार, आणि रस्ताही लांबचा नव्हता. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. मी काही विचारलं नाही. विचारल्यावर ती बोलत नाही.

माळ लागला तसं तिनं चपला काढल्या. पाय वर घेतले.

"आण्णा, आषाढात एक बाळ गेलं माझ्या हातात," ती म्हणाली. "आईला सांगितलं तर ती रडत बसंल. ह्यांना सांगितलं, ते म्हणले इसरून जा. ते तरी काय करतील. मला कुणाला तरी नीट सांगायचं होतं."

"हं," मी म्हणालो. गिअर बदलायचा नव्हता, तरी हात तिकडं गेला.

ती सांगायला लागली. ती बाई कुठल्या वस्तीवरची, कशी आली, सोबत कोण होतं. आणि पुढच्या वळणावर रस्ताभर मेंढरं. सबंध कळप, इकडच्या बांधापासून तिकडच्या बांधापर्यंत. मी गाडी उभी केली. हॉर्नला हात लावला नाही. मेंढरं दोन्ही बाजूंनी अंग घासत चालली होती, माझ्या नव्या रंगाला घासत चालली होती, आणि क्रांती बोलत होती. लसीकरणाला अजून अवकाश होता. ही मेंढरं अशीच येत राहावीत, जत तालुक्यात जेवढी असतील तेवढी सगळी यावीत, असं मला वाटत होतं.

पण माणसं चांगली असतात ना, तिथंच घोटाळा होतो. मेंढक्यानं काचेतून आत बघितलं. "आरं, सिस्टर हायत व्हय! थांबा, थांबा, वाट देतो." हा बिरदेव, ह्याच्या नातवंडांना क्रांतीनंच टोचलेलं. त्यानं काठी आडवी धरली, तोंडानं हुर्र हुर्र केलं आणि सगळा कळप दोन्ही बांधांकडं सारला. समोर रस्ता मोकळा. "निघा, पावणं!"

क्रांतीचं वाक्य अर्धंच राहिलं. तिनं डोळे पुसले आणि पाय खाली घेतले. "चला, आण्णा."

मी किल्लीला हात घातला आणि गाडी बंद केली.

"बंद पडली," मी बिरदेवला म्हणालो.

त्यानं गाडीकडं बघितलं. "जुनी दिसतीया."

"लय जुनी," मी म्हणालो. "काही खरं नाही तिचं. भंगारात घालायची झालीय."

क्रांतीनं माझ्याकडं बघितलं. मग किल्लीवरच्या माझ्या हाताकडं. मग खिडकीतून बाहेर वाकून ती म्हणाली, "व्हय मामा, तापली की अशी करती. वेळ लागतो तिला. तुमी मेंढरं जाऊ द्या सगळी."

"मग ढकलू का?"

"नको!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

बिरदेवनं काठी बाजूला घेतली. मेंढरं पुन्हा रस्त्यावर आली. क्रांतीनं लसींचा डबा नीट मांडीवर धरला, पाय वर घेतले आणि समोर बघत म्हणाली, "तर आण्णा, त्या बाळाची आई..."

"हं," मी म्हणालो.